तेरडा उपटणारे

महिन्याचा दुसरा शनिवार. शेफील्ड. सकाळचे दहा.
पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावा तर चष्मा ओला.
हॅगस्टोन पार्कच्या मागच्या फाटकाशी
सात माणसं, दोन कुत्री, एक ढकलगाडी.
शेडची किल्ली नोरीन क्रॅब्ट्रीच्या गळ्यात,
बुटाच्या नाडीत ओवलेली,
रेफरीच्या शिट्टीसारखी.

पूर्वी इथे सहा माळी होते, पगारी.
मग चार. मग एक, तोही अर्धा दिवस.
आता पंधरवड्यातून एकदा कौन्सिलचं यंत्र येतं,
डेझीसकट गवत भादरतं
आणि कुणाशी न बोलता निघून जातं.
उरलेली बाग आमची,
आणि विम्याचा अर्जही आमचा, अकरा पानी.

आज ओढ्याकाठचा तेरडा.
कधीकाळी कुणा हौशी माणसाने हिमालयातून आणलेला,
काचघरात राहीना,
ओढ्याला लागला तो लागलाच.
आता पुरुषभर उंच, गुलाबी, देखणा.
पायाशी दुसरं काही उगवू देत नाही,
थंडीत स्वतः मरतो
आणि काठाची माती पाण्याच्या हवाली करून जातो.

"हा इथला नाही," क्लाइव्ह नव्यांना समजावतो.
मग त्याची नजर सालेहवरून, ग्राझिनावरून
माझ्यापाशी येते, आणि त्याचे कान लाल.
"म्हणजे, मी झाडाबद्दल…"
"कळलं रे," सालेह म्हणतो,
"माझ्या बापाने तीस वर्षं इथल्या भट्टीत पोलाद ओतलं.
आधी ते रोप उपट, मग माझ्याकडे ये."
क्लाइव्ह हसतो, जरा उशिरा.

मुळं खोल नसतातच तेरड्याची.
खालच्या पेराशी धरा, हळू ओढा,
अख्खं रोप हातात येतं,
इतकं सहज, की वाईट वाटावं.
मोडून कोरड्या जागी ढीग लावायचा,
ओल्या मातीला टेकलं तर पुन्हा रुजतं.
हे सगळं काइरन मला शिकवतो.
कोर्टाने लावलेले त्याचे साठ तास मार्चमध्येच संपले.
तरी का येतो, कुणी विचारत नाही.
बिस्किटांचा डबा त्याच्या बाजूला आधी सरकतो, इतकंच.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आमच्यात म्हणतात.
नोरीनला मी हे भाषांतर करून सांगितलं.
ती गुडघाभर पाण्यात सरळ झाली, कमरेवर हात:
"तीन दिवस? बाई गं,
मी एकोणीस वर्षं उपटतेय."

जे सांगितलं नाही, ते असं:
भाद्रपदात आमच्या गावच्या बायका
अशीच रोपं मुळासकट उपटून आणायच्या,
ओल्या वाटेने, मागे वळून न बघता,
आणि ती गौर असायची.
उंबऱ्यावर तिचे पाय धुवायचे.
आतून कुणीतरी विचारायचं, कशाच्या पावलांनी आली?
उत्तर दर खोलीला वेगळं,
आणि सगळी उत्तरं मोठ्या थाटाची.

मी दोन्ही हातांत मावेल एवढा भारा उचलला.
मुळांवरून पाणी कोपरापर्यंत ओघळलं.
ढिगापाशी गेले, टाकला.
काही वाटलं का?
वाटलं. पण मागे काइरन उभा होता भारा घेऊन,
वाट अडवून कसं चालेल.

साडेबाराला अवजारं मोजून आत.
शेडमध्ये प्रत्येक खिळ्याखाली
डेस्मंडच्या अक्षरातली चिठ्ठी आहे:
फावडं. दंताळं. छोटी करवत, चावते.
डेस्मंड जानेवारीत गेला.
त्याच्या नावाचं बाकडं कुठे ठेवायचं
यावर तीन बैठका झाल्या, एक जण रागावून सोडून गेला,
आणि बाकडं अजून क्लाइव्हच्या गॅरेजमध्ये आहे.

मी दारात पाऊल टाकलं,
तोच आतून नोरीन ओरडली,
"कशाने भरलेत ते पाय?"

चिखलाने, म्हटलं.
चिखलाच्या पावलांनी.

"मग धू आधी," ती म्हणाली,
आणि नळ सोडला.