टीप क्रमांक चोवीस

शुक्रवारी शुवैखची शटरं खाली असतात.
ऑइलनं काळ्या पडलेल्या गल्लीत एक मांजर,
बोनेट काढलेली एक जीप,
आणि गोदामाच्या पोटमाळ्यावर मी.
मांडीवर वार्षिक अहवाल, दोनशे अठरा पानं,
मालकाच्या प्रिंटरवर, मालकाच्या कागदावर,
निदान दोन्ही बाजूंनी छापलेला.

मेव्हण्यानं चिपळूणहून टीप पाठवली आहे.
हेरंब टीप पाठवतो तेव्हा सोबत रॉकेटही पाठवतो.
भावजी, नफा बावीस टक्क्यांनी वर,
डोळे मिटून घ्या.

डोळे मिटून मी आजवर एकच गोष्ट घेतली,
कुवेतचं तिकीट.
एकोणीस वर्षं झाली त्याला.

म्हणून वाचतो.
पहिली गुळगुळीत पानं सोडून देतो,
तिथे वाळूच्या टेकडीवर चढणारी गाडी असते
आणि अध्यक्षांचे दात.
मग विक्री. मग मार्जिन.
मग रोकड, कारण नफा म्हणजे ‘या एकदा चहाला’,
आणि रोकड म्हणजे प्रत्यक्ष कप.
मग कर्ज. मग यार्डात पडून राहिलेला माल,
किती दिवस उन्हात उभा.
सगळं ठीकठाक. हेरंबला उगाच हसलो
असं वाटायला लागतं,

आणि तेवढ्यात मागे, जिथे अक्षर मुंगीएवढं होतं,
टीप क्रमांक चोवीस :
वॉरंटीपोटी तरतूद.
गेल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांश कमी.
म्हणजे, गाड्या मोडतील म्हणून जे बाजूला काढायचे
ते यंदा काढलेच नाहीत.
गाड्या आता मोडत नाहीत म्हणे.

मी उठतो.
रॅक सात, खालून दुसरा खण.
त्याच कंपनीचे गिअरबॉक्स, वॉरंटीत परत आलेले,
प्रत्येकाच्या मानेला माझ्या अक्षरातली चिठ्ठी :
अकरा हजार किलोमीटर.
दोन हजार नऊशे.
चार हजार, तिसऱ्यात टाकला की रडतो.
जानेवारीत तीन होते. आज एकतीस.
परवाचा उतरवताना शेर जमाननं त्याला पश्तोत शिवी घातली,
मग मला कळावी म्हणून हिंदीत.

एका गोदामावरून कारखाना जोखू नये, ठाऊक आहे मला.
पण शितावरून भात कळतो म्हणतात,
इथे एकतीस शितं आहेत
आणि एकही शिजलेलं नाही.

आमच्याकडे दुसऱ्याही एका कंपनीची एजन्सी आहे.
रॅक बारा.
तिचा अहवाल वाचताना झोप येते :
नफा चार टक्के, कर्ज जुनंच, फेडत आणलेलं,
तरतूद होती तेवढीच, उलट किंचित जास्त.
तिचा एक वॉटर पंप मी बोहणीला विकला होता
ते अजून लक्षात आहे, इतकं दुर्मीळ.
अबू मिशारी रॅकसमोर उभा राहून तसबीह फिरवतो,
म्हणतो, राऊळ, या गाड्या मला भिकेला लावणार.
खरं आहे त्याचं.
माझा पगार मोडण्यावर चालतो.
माणसं रस्त्याकडेला उभी राहतात,
बोनेटखालून वाफ निघते,
आणि महिनाअखेर माझ्या घरी पैसे पोचतात.

तरी मी रॅक बारा घेतली.
चाळीस शेअर, फार नाही,
मुलीच्या फीमधून नव्हे, माझ्या रजेच्या पैशांतून.
यंदा गावी जाणार नाही म्हणून उरलेल्या.

हेरंबला लिहिलं, टीप मिळाली,
आता त्यांची चोविसावी वाच.
त्यानं अंगठा पाठवला.
त्यानं वाचली नाही, हे मला इथून दिसतं.

शनिवारी शटर वर गेलं.
पोऱ्यानं फडकं आणलं, रॅक बारावरची धूळ पुसायला.
मी म्हटलं, राहू दे रे,
आधी सातकडे बघ, बत्तिसावा आलाय.