भरणं

फैजपूरला, सावदा रस्त्यावर,
ट्रॅक्टरच्या शोरूमला चिकटून जी पत्र्याची टपरी आहे
तिथं सुपडू मिस्तरी मोटर भरतात.
मी फॉर्म भरते.
वीज मंडळाची नाही, ठेकेदाराची माणूस;
गळ्यात कार्ड, हातात टॅब,
टॅबमध्ये एक रकाना:
सदर मोटर आजवर किती वेळा भरली?

शेतकऱ्यांना आठवत नाही.
म्हणून इथं आले.

त्यांनी वही काढली नाही.
कोपऱ्यातल्या ढिगाकडं बघून सांगू लागले.
ही भारंबेंची पाचची, सात वेळा.
ती हिंगोण्याची, चार.
आणि ही न्हावीची,
हिचं विचारू नका,
आखाजीला लेक यावी तशी दरसाल येते,
काळी पडून.

रात्री बाराला लाइन यायची.
सगळं शिवार एकाच वेळी बटण दाबणार,
व्होल्टेज बसणार,
केळीत उभा माणूस बॅटरी घेऊन,
मोटर गुरगुरणार, मग गप्प.
सकाळी मोटारसायकलला बांधून माझ्या दारात.
"या वासावर घर चाललं, ताई."
वास जळक्या वार्निशचा. टपरीच्या पत्र्यालाही तो होता.

मग मी प्रशिक्षणात शिकवलेलं बोलले:
प्रत्येक वेळी भरली की
मोटर थोडी जास्त वीज खाते, पाणी तेवढंच देते,
टक्का, दोन टक्के.
"टक्का म्हणजे किती?"
देशभरच्या मोटरींचा धरला तर,
कोळशाच्या गाड्याच्या गाड्या.

त्यांनी हात पुसले.
भाऊ दीपनगरला होता म्हणाले,
वॅगनी उलट्या करायच्या तिथं.
त्याचा रुमाल आई वेगळ्या बादलीत धुवायची.
हवा साफ असली तर अजून दिसतो
दक्षिणेला चिमणीचा लाल दिवा.
"म्हंजे मी अठी भरे,
तो तठी खाली करे,"
आणि इतके हसले की खोकला आला.

गायरानावर सोलर बसलं दोन वर्षांपूर्वी.
आता लाइन दिवसा. सपाट, एकसारखी.
लोक रात्री झोपतात.
या आखाजीला तीन मोटरी आल्या, तीनच.
पंख्यांचंही तेच.
पाच चांदण्यांचा नवा पंखा एकानं आणून दिला,
उघडला तर आत पत्त्याएवढी हिरवी पाटी,
हात घालायला जागा नाही.
"चांदण्या वरतून. आत काय ते मले कळत नही.
मोटरी भरता भरता माझेच दिवस भरले म्हना."

जुन्या मोटरीचं काय करता, त्यांनी विचारलं.
भोक पाडतो, मी म्हटलं,
परत कुणी वापरू नये म्हणून. फोटो काढतो.
बराच वेळ ते बोलले नाहीत.
"भोक कुठी पाडता?"
मी दाखवलं.
"थोडं खाली पाडा.
तिथं तांबं आहे. तांब्यानं काय केलं कोनाचं?"

फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: भोक खाली पाडावे.
तेवढ्यात त्यांची सून जेवणाचा डबा घेऊन आली,
भरीत, कळण्याची भाकरी, कांदा.
मी सहज विचारलं,
घरात कोणता पंखा?
"तोच. पाच चांदण्यांचा.
बिल निम्मं आलं. मी काय येडा हाये?"

डबा बाजूला ठेवून ते पुन्हा बसले,
न्हावीच्या मोटरीसमोर, बहुतेक आठव्यांदा.
तार सुटत होती, ओठ हलत होते,
एकसष्ट, बासष्ट,
फेरे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नसतं,
एक चुकला तर सगळं उकलावं लागतं.

मी थांबले.
माझ्या हातातला टॅब
आपोआप काळा झाला, वीज वाचवायला.
अंगठा लावला नाही.
त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी.