चौथी काठी

बर्फ पडत नाहीये,
दारात उभा राहून ब्रोनिस्लाव म्हणतो,
आणि ते खरंच आहे.
फ्योर्डवर चांदणं इतकं स्वच्छ
की मासळीच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्परही
आज घासून ठेवल्यासारखं.
मग घर का सोडायचं?

मी शाळेतली शिपाई, स्टाइनवर.
वर्ग उघडते, ओले बूट रांगेत लावते,
आणि हिवाळ्यात, दुपारच्या त्या दीड-दोन तासांच्या उजेडात
दुर्बिणीतून डोंगरावरच्या काठ्या वाचते.
सात काठ्या, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांच्या.
पोलंडहून मासे कापायला आलेल्या माणसाला
हे कसं सांगावं, की इथे बर्फ दोनदा पडतो:
एकदा आभाळातून, सगळ्यांना सारखा,
आणि मग वाऱ्याच्या हातून.
वाऱ्याच्या वाढण्यात पंक्तिप्रपंच असतो.

वर मैलोगणती सपाट माथा.
झाड नाही, कुंपण नाही, कोण अडवणार?
ईशान्येचा वारा सहा हातांच्या चांदण्या फरफटत आणतो,
हात मोडतो, टोकं झिजवतो,
कड्यापर्यंत येईतो त्यांचं पीठ झालेलं.
आणि कडा ओलांडल्यावर, आडोशाला,
जिथे त्याचा दम संपतो,
तिथे तो ओझं उतरवतो.
माथ्यावर दगड उघडे,
घळीत दोन पुरुष बर्फ.
घळीखाली तुझं घर, ब्रोनिस्लाव,
आणि गुद्लाइगुरचं, आणि आणखी नऊ.

हे पीठ घट्ट बसतं, फळीसारखं.
वर चाललं तर पाऊल धड उमटत नाही,
नुसता पोकळ आवाज येतो,
रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा.
कारण खाली अजून नोव्हेंबर आहे.
नोव्हेंबरात बोटभर पडला होता,
मग तीन आठवडे कोरडी थंडी,
त्या थंडीत त्याची साखर झाली:
जाड, सुटी, कुणाचाच हात न धरणारी.
परवा मी खड्डा खणला, हातमोजा काढून
तो थर चिमटीत घेतला.
चिमटीत काही राहिलं नाही.

साखरेवर फळी ठेवलीय. तिरकी.
आणि ठेवणारा अजून थांबलेला नाही.

तो मान वर करतो.
कड्यावरून एक लांब पांढरी झूल सुटलीय,
चंद्राच्या उजेडात झळझळत.
सुंदर आहे, म्हणतो.
तेच ते, म्हणते मी. तेच.

मग तो आत जातो.
लुडमिला बाहेर येते ती तवा घेऊन,
मुलगी माशाची बरणी पोटाशी धरून.
तवा कशाला, ते मी विचारत नाही.

तीन रात्री शाळेच्या व्यायामशाळेत.
काही कोसळलं नाही.
गुद्लाइगुरची कंबर धरली, तो मला ऐकू जाईल असं
भिंतीशी बोलतो:
चटईवर झोपवलं, कशासाठी? हवेसाठी.
चूक नाही त्याचं. हवेसाठीच.

चौथ्या दुपारी वारा पडला.
मी दुर्बिणीला डोळा लावला. सहा.
काच पुसली. पुन्हा सहा.
वहीत लिहिलं: चौथी काठी, दिसत नाही.
मोडली असेल तर बरं, असं क्षणभर वाटलं,
पण मोडलेली नव्हती.
बर्फ तिच्या डोक्यावरून गेला होता
आणि जागचा हलला नव्हता.

सगळे पिशव्या भरून बसले होते.
मी सांगितलं, अजून एक रात्र. निदान.
कुणी काही बोललं नाही.
लुडमिला उठली, शाळेच्या स्वयंपाकघरात गेली,
पीठ भिजवलं, तवा ठेवला.
सूर्य परत दिसेल त्या दिवशी
गावात धिरडी करतात, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.
सूर्याला अजून सहा दिवस होते.