नमुना सही

अक्का, त्या दिवशी बँकेत तुझ्या शेजारी मीच होतो.
कन्ना चौकातली शाखा, वर कुरकुरणारा पंखा,
मॅनेजरनं पुढं सरकवलेलं कार्ड,
तीन चौकोन, तीन नमुना सह्या,
खाली छापलेलं : व्यवस्थापकीय संचालक.
तू पेनचं टोपण काढलंस
आणि थांबलीस.

नान्नांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा
मी पुण्यात होतो, एमबीएच्या पहिल्याच वर्षात अडकलेला.
फोनवर अम्मा म्हणायची, सगळं बरं आहे, तू शीक.
सगळं बरं म्हणजे काय, ते फार उशिरा कळलं.
हप्त्याच्या आदल्या रात्री
स्वयंपाकघराचं दार लोटून
तू जुन्या सुताच्या हिशेबवहीत, पाठकोऱ्या पानांवर
‘अं. न. बोद्दूल’ गिरवत बसायचीस,
शेवटच्या ‘ल’चा तो धोटा फेकल्यासारखा फटकारा
जमेपर्यंत.
समोर पाटावर नान्ना.
‘शेपूट जरा वर ने.’
एकशे अठरा माणसांचा हप्ता
दोन वर्षं त्या शेपटावर निघाला.

मग मी आलो, आणि काच लावलेलं टेबल मला मिळालं.
तुला चेकिंगला बसवलं,
टॉवेलचे धागे कातरणाऱ्या बायकांत.
मागांच्या आवाजात मला लहानपणापासून छान झोप लागते.
तुला एखादा माग थांबला की जाग येते.
‘चौदा नंबर बंद पडला,’ म्हणत तू चप्पल शोधायचीस
आणि चौदा नंबरच असायचा.

हॅम्बर्गहून निळे टॉवेल परत आले, रंग सोडतात म्हणून.
मी दोन पानी ईमेल लिहिली, सगळी डाइंगवाल्यावर.
तू एक टॉवेल बादलीत बुडवलास,
सोबत माझा पांढरा बनियन.
सकाळी बनियन आकाशी.
तशीच ती बादली मांडीत धरून, माझ्या मागं स्कूटरवर,
अक्कलकोट रोडपर्यंत पाणी हिंदकळत नेलंस.
‘शौकतमास्तर, रंग तोच आहे. पाणी बदललंय.
यंदा तुमची बोअर किती खाली गेली?’
मास्तर कितीतरी वेळ बादलीतच बघत राहिला.
मी खिशातल्या ईमेलची घडी आणखी लहान केली.

काकांची बैठक झाली ती टेबलाच्या त्याच काचेभोवती.
धाकटे काका म्हणाले, ‘उद्या तिचं लग्न झालं तर?’
तू एक्केचाळीसची होतीस. खाली बघून
यार्नचा भाव लिहीत होतीस.
खरं सांगतो, तेव्हा मी उठून काहीही बोललो नाही.
चहा सांगायला म्हणून बाहेर गेलो.
परत आलो तर फोन वाजत होता
आणि जवळ पडली म्हणून
तू माझ्या खुर्चीत बसून बोलत होतीस,
तेलुगूत सूतवाल्याला झापत, मराठीत जॉबरला थांबवत,
आणि मधूनच तोडक्या इंग्रजीत, अजिबात न घाबरता,
हॅम्बर्गला तारीख देत.
काका उभे होते. मीही उभाच राहिलो.
कपबशा कुणाच्या हातात द्याव्यात
ते त्या चहावाल्या पोराला बरोबर कळलं.

तर बँकेत.
पेन टेकलं आणि हात आपला आपण चालला :
अं. न.
इतकंच झालं आणि तू चटका बसल्यासारखी मागं सरलीस.
मॅनेजर म्हणाला, ‘असू द्या मॅडम, दुसरं कार्ड देतो.’
तू माझ्याकडं वळून हळूच विचारलंस,
‘माझी सही कशी आहे रे?’
अक्का, मला ठाऊक नव्हती.
घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

मग पाटीवर पहिल्यांदा लिहावं तसं, एकेक अक्षर थांबत,
श्रीलता.
पुढं बोद्दूल.
तिन्ही चौकोनांत तीन वेगळ्या.
‘सारख्या हव्यात,’ मॅनेजर म्हणाला.
‘होतील,’ म्हणालीस, ‘सवय नाही अजून.’
फक्त शेवटचा ‘ल’ तिन्हीकडं हुबेहूब,
शेपूट वर.

जिना उतरताना घड्याळ बघितलंस.
साडेबाराला बीम यायची होती.
रद्द झालेलं कार्ड मी उचललं होतं,
अजून पाकिटात आहे.
मागितलंस तर देईन.