काउंटर नंबर तीन, रुवी

आज रांग पार शावर्माच्या दुकानापर्यंत गेलीय.
तिकडे बाजार आपटला की इकडे रांग वाढते,
एवढं अर्थशास्त्र मस्कतमध्ये अकरा वर्षं
काचेमागे बसून शिकले मी.
बोर्डवरचे आकडे सकाळपासून तीनदा बदलले.
रुपया पडला म्हणून कुणी हळूच हसतं,
मग हसल्याची लाज वाटून
घाईघाईनं कार्ड पुढे सरकवतं.

"मॅडम, आज पाठवू की उद्या?"
मॅनेजरचा नियम आहे, सल्ला द्यायचा नाही.
मी म्हणते, कार्ड द्या.
"मॅडम, मंदी येणार म्हणतात. आमच्या साइटवर
क्रेन उभीच आहे आठवडाभर."
मी म्हणते, इथे सही.
काचेखालच्या अर्धगोल भोकातून नोटा आत येतात.
बाकीचं बाहेर राहतं, बोटांचे ठसे, कपाळाचे ठसे,
रात्री नऊला फिरोज स्प्रे मारून पुसतो ते.

गफूरचाचा परकार. शिंपी, मूळचे दाभोळचे.
दर महिन्याच्या पाच तारखेला साठ रियाल.
दर उतरला तेव्हा साठ, चढला तेव्हा साठ,
करोनात तोंड बांधून आले तेव्हाही साठ.
बोर्डकडे मान वर केलेली मी कधी पाहिली नाही.
एकदा विचारलंच.
म्हणाले, "पोरी, घरची तोंडं काय बोर्ड बघून जेवतात?"
आणि पावतीची घडी खिशात, मापाच्या टेपला लागून.

मी मात्र बघते.
वादी कबीरच्या खोलीत, वरच्या बंकवर,
छत आणि नाक यांच्यामध्ये फोन धरून.
तांबडं. सगळं तांबडं,
कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखं.
मागच्या पडझडीत रात्री दोनला
मी विकून मोकळी झाले होते,
आणि सकाळी दात घासताना
आरशातल्या बाईला कळलं होतं काय केलं ते.
"लाइट, चेची," खालून शैनी झोपेत पुटपुटते.
मी फोन पालथा ठेवते. पुन्हा उचलते.
मग एका पावतीच्या पाठीवर, अंधारात, वाकडंतिकडं:

आईच्या गुडघ्याचे वेगळे, बँकेत, त्यांना हात नाही.
नोकरी गेली तर सहा महिन्यांचा खर्च, जमलाय चारांचा.
परतीचं तिकीट.
सोन्याची भिशी यंदा नको.
उरलेलं पडू दे, ते दहा वर्षं लागणारच नव्हतं.

एवढं लिहिल्यावर शांत झोप लागली
असं म्हणणार नाही.
साडेतीन वाजले.

परवा पाच तारीख होती.
चाचांनी नोटा ठेवल्या. चाळीस.
मी पुन्हा मोजल्या, मग मशीनने मोजल्या.
"युनिफॉर्मची ऑर्डर गेली," ते म्हणाले.
"कंपनीवाले म्हणतात, जुनेच घालतील अजून वर्षभर.
मग मी कॉलर उलटवून देतो, बाह्या आखूड करतो.
नवं शिवत नसले तरी
उघडे तर फिरणार नाहीत ना लोक."
"आणि घरी?"
"घरी सांगितलं. लपवून काय?
ती म्हणाली, मासळी आठवड्यातून एकदा."

बोर्डवर दर वर्षातला सगळ्यात वरचा होता.
तरी चाळीसांचे साठ होत नव्हते.
ते हिशेब करून सांगायला मी तोंड उघडलं,
मिटलं.

पावती घेताना त्यांनी काचेतून निरखून पाहिलं.
"तुझीच कॉलर झिजलीय की.
गुरुवारी आण, उलटवून देतो."
"किती घ्याल, चाचा?"
"ते काय," म्हणाले,
"बोर्ड बघून सांगतो,"
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
मान वर करून, डोळे बारीक करून,
त्या लाल आकड्यांकडे पाहत हसले.

मागे कुणीतरी खाकरलं.
मी म्हटलं, कार्ड द्या.