अखर्चित

मार्चअखेर. मानखुर्दच्या मंडाळ्यात, आमच्या खोलीत
उपयोगिता प्रमाणपत्र भरतेय मी, तीन प्रतींत.
अनुदानाचा दुसरा हप्ता अजून आला नाही,
पहिल्याचा हिशोब मात्र पैन्‌पैचा हवा.

गरोदर नोंदणी : उद्दिष्ट एकशेवीस, साध्य एकशेसतरा.
कमी पडण्याचे कारण? रकाना करंगळीएवढा.
जानेवारीत पालिकेचा बुलडोझर आला,
खाडीकडची ओळ सपाट झाली
आणि सकीना, दुर्पता, ती सातव्या महिन्यातली मुनिया
कुठं गेल्या, शेजारणींनाही सांगता येईना.
मी लिहिलं : स्थलांतर.

रात्री दोनला बाई पोचवणाऱ्या रिक्षावाल्यानं
पावती दिली नाही.
लेखापरीक्षक म्हणाले, मग बाई गेलीच नाही असं समजायचं का?
एकशेऐंशी रुपये माझ्या पगारातून गेले.
पगार, म्हणजे येईल तेव्हा.

तिघींच्या लोहाच्या गोळ्या उरल्यात खणात.
शिल्लक शासनास परत करावी, असं कलम आहे.
मोजल्या. पुन्हा मोजल्या. चारशे दहा.

काल दुर्पताचा फोन, परतूरकडच्या वीटभट्टीवरून :
ताई, पोरगी झाली.
वाण्याच्या काट्यावर ठेवली, गुळाची ढेप उतरवून.
सव्वादोन किलो भरली. तुमच्या वहीत लिवा.

कार्यक्षेत्राबाहेर. ठाऊक आहे मला.
तरी लिहिलं, पेन्सिलनं,
एकशेसतराच्या खाली,
साहेबांचा शिक्का जिथं पडतो
त्याच्या जरा डावीकडं.