जमा

उदगीरच्या ठाण्यात टेबलावर ठेवलं
तर हवालदार मोमीननं आधी
चहाचा कप बाजूला घेतला.
चष्मा पुसून नंबर वाचला, मॅगझिन काढलं
आणि काडतुसं टेबलावर पसरली,
मी आडतीवर नमुन्याची तूर पसरतो तशी.
"अठरा. पंचवीस घेतलाव तुमी. सात कुठं गेले?"

निवडणूक लागली की आमची अशी मोजदाद होते.

पाच लातूरला, रेंजवर.
शिकवायला सुभेदार होता, निवृत्त, निलंग्याकडचा.
म्हणाला, एक सुटली की पुढची आपणहून जागेवर येते,
चाप मात्र दर बारीला तुम्हालाच ओढायचाय.
अर्धं काम त्याचं, अर्धं तुमचं.
बटईचा धंदा आहे शेठ, नीट समजून घ्या.
पहिल्याच गोळीला स्लाईड मागं आली
आणि अंगठ्याशेजारचं कातडं घेऊन गेली.
बाकीच्या चार मी रुमाल बांधून झाडल्या.
कागद कोरा राहिला.

सहावी फुसकी निघाली.

नळेगावच्या रस्त्यावर चार लाख गेले त्या साली अर्ज केला.
दीड वर्ष फाईल फिरली, शेजाऱ्यांचे जबाब झाले.
माणूस शांत आहे, असं लिहून दिलं त्यांनी.
घरी आणलं तेव्हा महानंदा म्हणाली,
देवाच्या खोलीत नको.
मग लोखंडी कपाटात, तिच्या इरकलींच्या खाली.
आता साड्यांना तेलाचा वास येतो.
लग्नाला निघाली की आधी पदर हुंगते,
बोलत काही नाही.

आप्पांच्या गळ्यात चांदीची करडगी असायची.
रोज सकाळी लिंग काढून धुवायचे, विभूती लावायचे,
डाव्या तळहातावर घेऊन बघत बसायचे.
मी रविवारी हे खोलतो.
स्प्रिंग, नळी, फडकं, तेल.
तळहातावर घेऊन बघतो.
आप्पांना काय दिसायचं, कधी विचारलं नाही.
मला दिसतं ते सांगण्यासारखं नाही.

"अन् सातवी?"

सातवी मिलमध्ये. रात्रीची, लाईट गेलेली,
हरभऱ्याच्या थप्पीमागं काहीतरी हललं.
कोण आहे, असं मी म्हणालो की नाही आठवत नाही.
पत्र्यात गेली.
थप्पीमागून आधी दोन हात वर आले, मग सादिक.
बावीस वर्षं माझी पोती उचललेला सादिक,
घरी पाहुणे म्हणून झोपायला आलेला.
"मी हाय मालक, मी हाय."
एवढंच. हात तसेच वर, कितीतरी वेळ.
पुढची गोळी आपणहून जागेवर आली होती.
माझं बोट अजून आत होतं.

मोमीनला म्हणालो, सरावात.
त्यानं सरावात लिहिलं, पावती फाडली.

निकाल लागून अडीच महिने झाले.
घेऊन जा म्हणून ठाण्यातून दोनदा फोन आला.
कमरेला ते जिथं बसायचं
तिथं पावलीएवढा काळा चट्टा आहे.
गल्ला बंद करताना हात तिथं जातो,
मागं मोटारसायकल दिसली की जातो.
आणीन. सोमवारी बाजार बंद असतो, तेव्हा आणीन.

पत्र्याचं भोकही बुजवायचं राहिलंय.
डांबराचा डबा आणून ठेवला, तो वाळून चालला.
अकराच्या सुमाराला तिथून रुपयाएवढं ऊन पडतं
आणि पोत्यांवरून सरकत भिंतीकडं जातं.
पाठीवर ओझं असतानाही सादिक ते चुकवून चालतो.
आणि मी जवळून गेलो
तर त्याचे हात खांद्यापर्यंत येतात,
पोतं असो नसो.

काल हजेरी देताना म्हणाला,
"ते आणलाव न्हाई का मालक अजून?"
मी सदरा वर करून दाखवला.
त्यानं वाकून चट्टा बघितला.
रातच्याला खोबरेल लावा, म्हणाला.